तोंड आखडते तेव्हा: सुपारी गालाच्या आत नेमके काय करते

गुटख्याचा ट्रक पकडल्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत वरचेवर येत असते. माल किती लाखांचा, कोणत्या महामार्गावर सापडला, किती जण ताब्यात घेतले, हे सगळे तपशील तीत असतात. त्या मालाने तोंडात काय होते याचा तपशील मात्र क्वचितच असतो. ‘तंबाखूने कॅन्सर होतो’ हे वाक्य आता सर्वांना पाठ झाले आहे आणि ते खरेही आहे. त्याची अडचण एवढीच की, त्यातून सुपारी अलगद सुटून जाते. गुटखा, मावा किंवा खर्रा (पानठेल्यावर घोटून मिळणारे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण) यांपैकी काहीही घ्या, त्यात वजनाने सर्वांत जास्त असते ती सुपारीच, आणि या लेखाचा विषय असलेला रोग तंबाखूचा नव्हे, सुपारीचा आहे.

काही महिन्यांपूर्वी माझ्या दवाखान्यात सव्वीस वर्षांचा एक तरुण आला. अक्कलदाढ ठणकत होती. “दाढ तेवढी काढून द्या, बाकी काही तकलीफ नाही,” असे तो म्हणाला. तोंड उघडायला सांगितल्यावर वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये जे अंतर पडले ते मोजपट्टीवर १८ मिलिमीटर भरले. तपासणीचा लहान आरसा कसाबसा आत गेला, पण दाढ उपटण्याचा चिमटा जाणे शक्यच नव्हते. गेले वर्षभर पाणीपुरी फोडून खावी लागते आणि भाजीत जरा मिरची पडली की तोंडाची आग होते, हे त्याने विचारल्यावर सांगितले. पण ही ‘तकलीफ’ आहे असे त्याला वाटलेच नव्हते. दिवसाला आठ-दहा खर्रे, वयाच्या सतराव्या वर्षापासून.

या रोगाचे वैद्यकीय नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. ओरल म्हणजे तोंडाचा, सबम्यूकस म्हणजे आतल्या अस्तराखालचा आणि फायब्रोसिस म्हणजे तंतू साचून येणारा कडकपणा. रुग्ण त्याला ‘तोंड आखडणे’ म्हणतात. तो शब्द इतका नेमका आहे की यापुढे मीही तोच वापरणार आहे.

गालाचे अस्तर कशाचे असते?

स्वतःच्या गालाच्या आतून जीभ फिरवून पाहावी. जे मऊ, ओलसर लागते ते अस्तर. त्याच्याखाली एक लवचीक थर असतो आणि तो मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला असतो. बाजेची सुतळी जशी आडवी-उभी विणलेली असते, म्हणून माणूस बसला की ती झोळ देते आणि उठला की पुन्हा ताणून बसते, तसेच हे विणकाम. जांभई देताना गाल ताणला जातो आणि पुन्हा जागेवर येतो तो याच झोळामुळे.

ही बाज एकदाच विणून ठेवलेली नसते. शरीर जुने तंतू सतत तोडते आणि नवे घालते. तोडणाऱ्या आणि विणणाऱ्या पेशींचा हिशेब जुळलेला असतो. सुपारी नेमका हाच हिशेब बिघडवते.

चामडे कमावण्याची प्रक्रिया, जिवंत गालावर

सुपारीत अरेकोलाइन नावाचे एक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे आणि शरीरावर जोरदार परिणाम करणारे द्रव्य असते. ते विणणाऱ्या पेशींना चेतवते, त्यामुळे नवे तंतू गरजेपेक्षा जास्त तयार होतात. सुपारीत तांब्याचे प्रमाणही लक्षणीय असते. शेजारशेजारच्या तंतूंना एकमेकांशी गाठी मारून घट्ट करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, तांब्यावरच चालते. तांबे जास्त मिळाले की गाठीही जास्त पडतात.

तिसरा घटक टॅनिन, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. सुपारी चघळताना तोंडाला जो तुरटपणा येतो तो याचा. आपल्याकडे कातडी कमावण्यासाठी बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा पिढ्यान्‌पिढ्या वापरला जात असे, तो त्यांतल्या टॅनिनसाठीच. कच्चे कातडे तसेच ठेवले तर कुजते. टॅनिनच्या पाण्यात मुरवले की त्यातले कोलॅजन घट्ट बांधले जाते, ते कुजत नाही, आणि वर्षानुवर्षे टिकणारे चामडे तयार होते. कुजत नाही याचा अर्थ एवढाच की, कोलॅजन तोडणाऱ्या विकरांचे त्यापुढे काही चालत नाही. दिवसाकाठी सहा-आठ तास गालात सुपारी धरणारा माणूस जवळपास हीच प्रक्रिया स्वतःच्या जिवंत गालावर करीत असतो. नवे तंतू वाढतात, त्यांना गाठी पडतात आणि जुने तोडता येत नाहीत.

हे वर्षानुवर्षे चालले की अस्तर आधी फिकट आणि मग संगमरवरासारखे पांढुरके दिसू लागते. त्याखाली बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात. रक्तपुरवठा घटल्याने अस्तर पातळ होते, त्यामुळे साधा रस्साही झोंबतो. पुढे जीभ पूर्ण बाहेर निघत नाही, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. पडजीभ आखडून कळीएवढी होते. घशापासून कानाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडापर्यंत हे पट्टे गेले तर कानाला दडे बसतात, आणि मग रुग्ण कानाच्या डॉक्टरकडे चकरा मारत राहतो.

“पण मी तंबाखूला हात लावत नाही, नुसती सुपारी खातो”

हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकले आहे, बायकांकडून तर फारच. या आजाराच्या इतिहासाची सुरुवातही स्त्रियांपासूनच होते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये या स्थितीचे वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी ती आजच्या नावाने नोंदवली. त्यापुढच्या दशकांत कारणांचा शोध घेताना मिरचीपासून जीवनसत्त्वांच्या अभावापर्यंत पुष्कळ संशयित पुढे आले, पण बोट शेवटी सुपारीवरच स्थिर झाले. तैवानमध्ये सुपारी बहुधा तंबाखूशिवाय खातात, तरी तिथे तोंड आखडण्याचा आजारही आहे आणि तोंडाच्या कॅन्सरचा प्रश्नही मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखू घातलेल्या विड्याला कर्ककारक ठरवले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तिने तंबाखू नसलेला विडा आणि नुसती सुपारी यांनाही माणसात निश्चितपणे कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. सिगारेटचा धूर याच गटात आहे.

चिकणी, भाजकी, कच्ची, श्रीवर्धनी रोठा, गोड मुलामा दिलेली: प्रक्रियेने अल्कलॉइडचे प्रमाण कमी-जास्त होते, पण सुपारीची सुपारी राहतेच. गोड सुपारीच्या रंगीत पुड्या लहान मुले शाळेसमोरच्या दुकानातून सर्रास घेतात आणि घरातही त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. मला त्या पुड्यांची खर्ऱ्यापेक्षा अधिक धास्ती वाटते, कारण सवय लागते ती तिथे.

यावर हमखास येणारी शंका पूजेच्या सुपारीची. गणपती म्हणून तांदळावर मांडलेली सुपारी, साखरपुड्यात फोडलेली सुपारी, विड्यावर ठेवून दिलेले निमंत्रण यांपैकी कशालाही वैद्यकशास्त्राचा आक्षेप असण्याचे कारण नाही. ती मांडायची असते, तासन्‌तास गालात धरायची नसते.

“आमचे आजोबा नव्वदीपर्यंत पान खात होते”

खात होते, आणि त्यांचे तोंड बहुधा शेवटपर्यंत उघडतही होते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात एक खरे निरीक्षण आहे. आजोबांच्या विड्यात नागवेलीचे पान, कात, चुना, बडीशेप आणि अडकित्त्याने कातरलेल्या सुपारीचे चार तुकडे असत. तो जेवणानंतर लावला जाई आणि पानाचा डबा उघडण्यापासून विडा तोंडात जाईपर्यंत पाच मिनिटे जात. ओल्या पानाने विड्याचे आकारमान वाढते, सुपारीचा अंश मात्र थोडाच राहतो.

आता पानठेल्यावरचा खर्रा पाहा. दुकानदार सुपारीची कतरण मूठभर घेतो, तीवर तंबाखू टाकतो, बोटाने चुना सोडतो, सगळे प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळतो आणि फळीवर तळहाताने घोटत राहतो. घोटता घोटता चुना सुपारीत जिरतो. चुन्याचा अल्कधर्म सुपारीतले अरेकोलाइन अधिक विरघळते करतो आणि अस्तराला बारीक इजाही करतो. पान नाही, पाणी नाही. आहे तो कोरडा, घट्ट अर्क. शिवाय पन्नी खिशात राहते, म्हणजे डबा उघडण्याचाही खोळंबा नाही. नव्वदच्या दशकात हैदराबादच्या संशोधकांनी गुटखा आणि विडा खाणाऱ्यांची तुलना केली, तेव्हा गुटखा खाणाऱ्यांमध्ये हा आजार साधारण पावणेतीन वर्षांत, तर विडा खाणाऱ्यांमध्ये साडेआठ वर्षांच्या आसपास दिसला. आजोबांचा विडा निर्दोष नव्हता. तो मंद होता.

सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, हेही खरे. तंतू तयार करण्याची आणि तोडण्याची प्रत्येकाची जन्मजात ठेवण वेगळी असते, त्यामुळे एकाच कट्ट्यावर बसणाऱ्या चौघांपैकी एकाचेच तोंड आखडते. तो एक कोण, हे आधी ओळखण्याची कोणतीही चाचणी आज दवाखान्यात उपलब्ध नाही.

तोंड थोडे कमी उघडले तर बिघडते कुठे?

पहिला परिणाम दातांवरच होतो. ब्रश मागच्या दाढांपर्यंत जात नाही, म्हणून दाढा किडतात. त्या किडल्या की भरता येत नाहीत, कारण आमची अवजारेही तिथे पोहोचत नाहीत. जेवण भाकरी-भाजीवरून हळूहळू भात-वरणावर आणि मग कालवलेल्या घासांवर येते. पोषण घटते, रक्त कमी होते, आणि त्यामुळे अस्तर आणखी नाजूक होते.

दुसरा परिणाम बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही. उद्या या माणसाला ॲपेंडिक्सची किंवा अपघातात मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया करावी लागली, तर भूल देणारा डॉक्टर सर्वांत आधी “आ करा” म्हणतो. पूर्ण भूल देताना श्वासाची नळी सहसा तोंडातून घालावी लागते. तोंड उघडत नसेल तर रुग्ण जागा असतानाच नाकातून, दुर्बिणीच्या मदतीने नळी सरकवावी लागते. ती सोय आणि तो हात प्रत्येक तालुक्याच्या गावी नसतो.

आणि कॅन्सर?

तोंड आखडणे म्हणजे कॅन्सर नव्हे. ती कॅन्सरकडे जाऊ शकणारी अवस्था आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे नाव घेतले की अणुविज्ञान आठवते, पण तिथल्या दंतसंशोधन विभागाने १९६० च्या दशकापासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन हजारो लोकांची तोंडे तपासली आहेत. या मालिकेतल्या केरळमधील एका अभ्यासात तोंड आखडलेल्या ६६ रुग्णांवर १७ वर्षांपर्यंत लक्ष ठेवले गेले. त्यांपैकी ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कॅन्सर झाला. रुग्णसंख्या लहान आहे आणि नंतरच्या काही अभ्यासांत हे प्रमाण याहून कमी आले आहे. तरीही शंभरातले सात-आठ हा आकडा खाली ठेवून देण्यासारखा नाही, विशेषतः रुग्ण पंचविशीतला असताना, कारण त्याच्यापुढे सतराहून कितीतरी जास्त वर्षे असतात.

भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर आज पहिल्या क्रमांकावर आहे. त्यातही आखडलेल्या तोंडाची अडचण दुहेरी होते: कॅन्सर होण्याची शक्यता अधिक, आणि झाला तर आत डोकावून तो वेळेवर पाहणे कठीण. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात आरोग्यसेवकांनी फक्त डोळ्यांनी तोंड तपासण्याचा उपक्रम केला, तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. यंत्र नव्हते, उजेड होता आणि पाहणारा माणूस होता.

तीन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, कारण नसताना हलू लागलेला दात किंवा मानेतली गाठ यांपैकी काही असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो. ‘सुई लावली की पसरतो’ हा समज निराधार आहे, आणि त्यापायी महिनोन्‌महिने घरी बसून राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

“आता सोडली की तोंड पूर्ववत होईल ना?”

इथे खोटा दिलासा देऊ नये. सुपारी बंद केल्यावर काही आठवड्यांत आग कमी होते, अस्तर भरू लागते, रोग पुढे सरकण्याचा वेग बहुतेकांमध्ये थांबतो किंवा मंदावतो आणि कॅन्सरचा धोकाही घटतो. पण आधी पडलेल्या गाठी आपोआप सुटत नाहीत. कमावलेले चामडे पाण्यात भिजवले म्हणून पुन्हा कातडे होत नाही. अगदी सुरुवातीच्या, नुसती आग होत असतानाच्या टप्प्यावर थांबणाऱ्याला सर्वांत जास्त परत मिळते. म्हणूनच तिखट झोंबू लागणे ही मी या आजाराची सर्वांत मोलाची खूण मानतो.

त्यापुढच्या टप्प्यावर तंतू सैल करणारी आणि सूज उतरवणारी इंजेक्शने गालात दिली जातात. सोबत अँटिऑक्सिडंट गोळ्या आणि लोह-जीवनसत्त्वे देतात. या सगळ्याबरोबर तोंड ताणण्याचे व्यायाम करावेच लागतात. औषधाने काही मिलिमीटर मिळतात आणि व्यायाम सोडला की ते परत जातात.

तोंड फारच कमी उघडत असेल तर शस्त्रक्रिया करतात. घट्ट पट्टे कापून मोकळ्या झालेल्या जागेवर गालातलीच चरबी, नाकाशेजारची त्वचा किंवा शरीराच्या दुसऱ्या भागातून घेतलेली कातडी लावतात. टेबलावर तोंड पूर्ण उघडते, नातेवाईक फोटो काढतात, आणि खरे काम तिथून सुरू होते. जखम भरताना शरीर पुन्हा तंतूच घालते, म्हणून निदान सहा महिने दिवसातून कितीतरी वेळा, दुखत असताना, तोंड ताणावे लागते. शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात तोंड पुन्हा आखडलेले रुग्ण येतात; त्यांतल्या बहुतेकांनी एक तर व्यायाम सोडलेला असतो, नाहीतर पन्नी पुन्हा खिशात आलेली असते.

“खर्रा नसेल तर सकाळी पोट साफ होत नाही”

हे बहाणे नाहीत. अरेकोलाइन लाळग्रंथींना चेतवते म्हणून तोंडाला पाणी सुटते, आणि ते आतड्यांनाही चेतवते. कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी बाहेर काढण्यासाठी पशुवैद्य पूर्वी हेच द्रव्य जुलाब म्हणून देत असत. तेव्हा पोट साफ होते हे खरेच आहे. फक्त ते काम दोन पेले कोमट पाणी आणि थोडी पालेभाजीही करते, गाल न कमावता. सुपारी स्वतः सवय लावते आणि तिच्यासोबतची तंबाखू ती सवय पक्की करते, म्हणून सोडल्यावर पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, झोप उडते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा आहे. मी रुग्णांना पहिल्या पंधरवड्यात पानठेल्याचा रस्ता बदलायला सांगतो. ऐकायला हे फार किरकोळ वाटते.

मग बंदीचे काय?

महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी २००२ मध्ये घातली. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. गोव्याने २००५ मध्ये स्वतःच्या कायद्याने बंदी आणली. महाराष्ट्रातली आजची बंदी जुलै २०१२ पासूनची, अन्नसुरक्षा कायद्याखालची. ती वर्षावर्षाने वाढवली जाते आणि तिच्यात गुटख्यासोबत पानमसाला, सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही येते. साधी सुपारी अर्थातच बंदीबाहेर आहे. भारत हा जगातला सर्वांत मोठा सुपारी उत्पादक देश, कर्नाटकात हजारो कुटुंबांचे आणि आपल्या कोकणात कितीतरी वाड्यांचे हे नगदी पीक. त्यामुळे सुपारीविरुद्ध कायदा करणे तंबाखूइतके सोपे नाही, आणि तंबाखूचेही सोपे नव्हतेच. दरम्यान ठेल्यावरचा दुकानदार साधी सुपारी, साधी तंबाखू आणि चुना डोळ्यांदेखत घोटून देतो. गडचिरोलीतल्या ‘मुक्तिपथ’सारख्या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमांनी गावागावांत लोकांनाच पुढे करून हा माल अडवण्याचा प्रयत्न केला, तो यामुळेच.

घरी करण्याची तपासणी दोन मिनिटांची आहे. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी स्वतःची तीन बोटे उभी जुळवून समोरच्या दातांमध्ये धरावीत. ती सहज बसली तर तोंडाचे उघडणे ठीक. दोनच बसली तर दंतवैद्याकडे जावे, एकच बसत असेल तर या आठवड्यातच. मग खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, गाल बाहेर ओढून आतला रंग पाहावा.

त्या तरुणाची दाढ त्या दिवशी काढता आली नाही. औषधाने ठणका थांबवला आणि त्याला आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा व्यायाम शिकवला: समोरच्या दातांत मावतील तेवढ्या काड्या एकावर एक रचून धरायच्या आणि मधून आणखी एक सरकवायची. सुरुवात नऊ काड्यांनी झाली. चौथ्या महिन्यात तो रबर लावलेली बारा काड्यांची जुडी घेऊन आला. खर्रा पूर्ण सुटला का, असे विचारल्यावर त्याने खरे ते सांगितले: आठाचा एक झाला होता. मी त्याला पुढच्या महिन्याची तारीख दिली. दाढ अजून जागेवरच आहे.